शब्दांची यादी व मुलाचें वाक्य

इंग्रजी वाचनाच्या प्रारंभीं मुलांच्या हातीं हल्ली ज्या चिठ्ठ्या दिल्या जातात, त्यांवरील शब्दांना 'साइट वर्ड्स' अशी संज्ञा आहे. अक्षरें जुळवीत न बसतां पाहतांक्षणींच ओळखावयाचे, असे हे शब्द. आमच्या सुशिक्षित घरांतूनहि या चिठ्ठ्यांचे संच आतां शिरले असून, पांच वर्षांचें मूल पाहुण्यांसमोर त्या पटापट ओळखून दाखवूं लागलें म्हणजे आईबापांस कृतार्थता वाटते. या कृतार्थतेचें थोडें परीक्षण करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

या याद्यांतील सर्वांत प्रसिद्ध यादीचे कर्ते एडवर्ड डॉल्च हे अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत अध्यापक होते. १९३६ सालीं त्यांनीं ती प्रसिद्ध केली. तींत २२० शब्द असून नाम एकहि नाहीं; ९५ नामांची यादी निराळी आहे. 'द', 'ऑव्ह', 'वॉज', 'सेड', 'विथ' असे, ज्यांचें चित्र काढतां येत नाहीं पण ज्यांवांचून इंग्रजी वाक्य उभेंच राहत नाहीं, ते हे शब्द. मुलांच्या पुस्तकांतील निम्म्याहून अधिक मजकूर एवढ्याच शब्दांनीं व्यापलेला असतो, हें डॉल्च यांनीं हेरलें, व त्यांतच त्यांची मार्मिकता आहे. यादी कोणत्या देशांतील, हें मात्र नामांवरून लागलीच कळतें: तेथें बर्फ आहे, रॉबिन पक्षी आहे, सांता क्लॉजहि आहे.

परंतु बर्फ आणि सांता क्लॉज यांवर आमचा आक्षेप नाहीं. परकी वस्तु मुलें आनंदानें स्वीकारतात. अडचण आहे ती त्या २२० शब्दांतच. हे शब्द मुलाच्या जिभेवर आधींच आहेत, असें ही यादी गृहीत धरून चालते. अमेरिकन मूल शाळेंत येण्यापूर्वीं 'सेड' हा शब्द असंख्य वेळां बोललेलें असतें. माणूस घरचाच, केवळ त्याचा कागदावरील चेहरा ओळखावयाचा. आमच्या मुलाला माणूसच अनोळखी, आणि चेहरा मात्र तोंडपाठ! शिवाय 'द' या शब्दाला मराठींत प्रतिशब्दच नाहीं. 'इन', 'टू', 'विथ' हे इंग्रजींत स्वतंत्र उभे राहतात. आमच्याकडे ते 'घरांत', 'शाळेला', 'ताईशीं' असे नामाच्या अंगीं जडून येतात. "आई, 'द' म्हणजे काय?" असें मुलानें विचारल्यास त्याचें उत्तर कोणत्याहि चिठ्ठीवर सांपडणार नाहीं. तें वाक्यांतच मिळेल, तेंहि पुष्कळ वाक्यें ऐकल्यानंतर.

दुसरा दोष पाठ करवून घेण्याच्या रीतीचा. शब्द चित्राप्रमाणें डोळ्यांत ठसवावा, या मतावर रूडॉल्फ फ्लेश यांनीं १९५५ सालीं एका पुस्तकांत झोड उठविली होती. पुढें लिनिआ एरी यांच्या संशोधनानें असें दाखविलें कीं, शब्द लक्षांत राहतो तो चित्र म्हणून नव्हे, तर अक्षर व उच्चार यांची गांठ बसल्यामुळें. वेडेंवाकडें स्पेलिंग असलेल्या शब्दांचेंहि तसेंच. 'सेड' मधील पहिलें व शेवटचें अक्षर अगदीं सरळ आहे. हट्टी आहेत तीं मधलीं दोन. तेवढ्यांखालींच मुलाकडून रेघ मारून घ्यावी. असले हट्ट देवनागरींतहि अगदींच नाहींत असें नाहीं: 'चंद्र' व 'चांदणें' यांतील 'च' एकच लिहिला जातो, पण उच्चार दोन, आणि आमच्या मुलांना तो भेद कोणीं चिठ्ठीवर शिकविलेला नसतो.

यादीची खरी परीक्षा होते ती तिच्यापासून वाक्यें करतांना. १९३० नंतर कित्येक दशकें अमेरिकन शाळांत 'डिक' व 'जेन' या भावंडांचीं पुस्तकें चालत. त्यांत एकच शब्द इतक्या वेळां घोकला जाई कीं, असें कोणत्याहि घरांत कोणी बोलत नाहीं. आम्हीं हंसण्याचें कारण नाहीं. कानामात्रा टाळण्यासाठीं आमच्या जुन्या बालबोध पुस्तकांनींहि अशीच निर्जीव वाक्यें रचलीं. याच बंधनांत राहून डॉ. सूस यांनीं १९५७ सालीं 'द कॅट इन द हॅट' हें पुस्तक २३६ शब्दांत लिहिलें, आणि १९६० सालीं 'ग्रीन एग्ज अँड हॅम' हें तर अवघ्या ५० शब्दांत. या दुसऱ्या पुस्तकांत पुनरुक्ति थोडी आहे काय? पानोपानीं आहे. परंतु तेथें एकजण आग्रह करतो आहे आणि दुसरा नाकारतो आहे. आग्रह व नकार हे जात्याच पुनरुक्त असतात. आमच्या मतें त्या पुस्तकाचें सारें यश या एका युक्तींत आहे.

वाक्यलेखनाच्या अभ्यासाला हीच युक्ति लागू करावी. हल्लीं छापील वाक्यांत एक जागा रिकामी सोडून तेथें 'कॅट' किंवा 'डॉग' भरावयास सांगतात. अशानें वही भरते, पण वाक्य मुलाचें होत नाहीं. मुलाचीं खरीं वाक्यें बहुधा नकाराचींच असतात, हें कोणत्याहि आईस ठाऊक आहे. 'आय डोंट वॉन्ट मिल्क' या वाक्यांतील पहिले तीन शब्द डॉल्च यांच्या यादींत आहेत व चौथा त्यांच्या नामांत. दुधाचा पेला पुढें असतांना हें वाक्य मुलाला तोंडानें म्हणूं द्यावें, दोनचार दिवस म्हणूं द्यावें, आणि मग लिहावयास द्यावें. शब्दांमध्यें बोटभर अंतर असावें. मोठ्या लिपींतील आरंभाक्षर देवनागरींत नसल्यामुळें मुलाला तें चमत्कारिक वाटतें. त्याची घाई नसावी. स्पेलिंग चुकल्यास एका वेळीं एकच चूक दाखवावी.

महाराष्ट्रांतील मराठी शाळांतून २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविलें जातें. तेव्हां हा प्रश्न केवळ इंग्रजी माध्यमाच्या घरांचा उरलेला नाहीं. ज्या घरांत इंग्रजी बोलणारें कोणीच नाहीं, तेथें ही यादी अधिकच कठोर होते. परंतु तेथेंहि दूध नाकारणारें मूल असतेंच. मराठींत त्याचें वाक्य तीन शब्दांचें आहे. तें आधीं त्याच्या हातून पाटीवर उतरवून घ्यावें, आणि मग 'डोंट' ची चिठ्ठी काढावी.