झुबॅट : नकोशा सोबत्याची मीमांसा

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘पोकेमॉन’चे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन खेळ जपानमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत १५१ काल्पनिक प्राणी होते. ते रानावनांतून पकडायचे, वाढवायचे, झुंजवायचे आणि दोन यंत्रे तारेने जोडून मित्राशी त्यांची अदलाबदल करायची, असे या खेळाचे स्वरूप. त्यातला पिकाचू पुढे घराघरात पोचला. आपल्याकडच्या मुलांनी तो बहुतांशी दूरचित्रवाणीवर, हिंदीत बोलताना पाहिला. त्याच यादीत ४१व्या क्रमांकावर झुबॅट आहे : निळ्या अंगाचे, जांभळ्या पंखांचे, डोळे नसलेले वटवाघूळ. प्रत्यक्ष खेळलेल्या माणसापुढे त्याचे नाव काढले, तर पहिली प्रतिक्रिया बहुधा वैतागाची असते.

हा वैताग प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. रचनेतली ढिलाई किंवा यंत्राच्या अपुऱ्या शक्तीचा परिणाम म्हणून तो सोडून देण्याचा प्रघात आहे. मला तसे वाटत नाही. संग्रह म्हणजे काय आणि संग्राहकाला काय नकोसे होते, याविषयी ही खेळमालिका जे सांगते, त्याचा सर्वांत स्पष्ट भाग झुबॅटमध्ये सापडतो.

पाच भेटींपैकी चार

प्रथम त्रासाचे स्वरूप पाहू. खेळात उंच गवत असते आणि गवतात प्राणी दबा धरून असतात. गवत टाळता येते, निदान बाजूने वाट काढता येते. पहिले पदक मिळवल्यावर मात्र माउंट मून नावाच्या डोंगराच्या पोटातून जावे लागते. गुहेत गवत नसते. तिथे प्रत्येक पाऊल धोक्याचे. चालता चालता पडदा लुकलुकतो, संगीत बदलते, झुंजीचे दृश्य येते आणि समोर झुबॅट असते. पळून जावे तर तो प्रयत्न फसू शकतो. सुटका झाली, चार पावले टाकली, की पुन्हा झुबॅट. या गुहेच्या पहिल्या मजल्यावर पाच भेटींपैकी साधारण चार त्याच्याच असतात. त्याच मजल्यावर क्लेफेरी हा गुलाबी, गोंडस प्राणीही आहे. तो शंभरांतून एकदा भेटतो.

हे आकडे योगायोगाने पडलेले नाहीत, कोणीतरी ते बसवले आहेत. शंभरांतल्या एकाला मोल यावे, म्हणून उरलेल्यांपैकी बहुतेकांनी बिनमोलाचे व्हायचे, अशी ही व्यवस्था. दुर्मिळता नुसती जाहीर करून भागत नाही. ती खेळणाऱ्याच्या अंगवळणी पडावी लागते. ते काम झुबॅट करते. क्लेफेरी दिसल्यावर होणाऱ्या आनंदाची किंमत आधीच्या कंटाळ्यात मोजलेली असते.

गुहा ओलांडली की सेरूलियन हे शहर लागते आणि तिथल्या दुकानात ‘रिपेल’ नावाचा फवारा प्रथमच विकायला असतो. ३५० नाणी मोजली की शंभर पावलांपर्यंत आपल्या आघाडीच्या प्राण्यापेक्षा दुबळे प्राणी जवळ फिरकत नाहीत. रोग आधी, औषध नंतर, हा क्रम अर्थपूर्ण आहे. प्राणी गोळा करण्यासाठी घराबाहेर पडलेला मुलगा प्राणी भेटू नयेत म्हणून पैसे खर्च करू लागतो. संग्राहकाच्या मनातला हा पालट खेळात कुठेही शब्दांत सांगितलेला नाही. तो दुकानाच्या यादीत नोंदलेला आहे.

वटवाघळाची वंशावळ

गुहेत वटवाघूळ असणे ही कल्पना पोकेमॉनची नव्हे. १९८६ साली जपानमध्ये आलेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये ड्राकी नावाचा वटवाघळासारखा किरकोळ शत्रू आहे. त्याच वर्षीच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’मध्ये कीस नावाची वटवाघळे भुयारांत फडफडतात. अंधार, अवचित हालचाल आणि एका घावात मरण्याइतके दुबळेपण, एवढ्या गुणांवर वटवाघूळ या प्रकारच्या खेळांतले ठरलेले पात्र झाले. झुबॅट या परंपरेतून येते, पण त्याला पकडून बरोबर नेता येते. शत्रूला सोबती करण्याची सोय १९९२ सालच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या पाचव्या भागातही होती, पोकेमॉनने तिलाच खेळाचा पाया केले. त्यामुळे किरकोळ शत्रूला मारून पुढे जाणे एवढाच मार्ग उरत नाही. प्रत्येक झुबॅट एक प्रश्न विचारते : मला घेणार का? बहुतेक खेळाडू एकदा ‘हो’ म्हणतात, यादीतला रकाना भरतात आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ‘नाही’.

नावांतही वेगवेगळ्या परंपरा दिसतात. जपानीत ‘झुबात्तो’ हे क्रियाविशेषण आहे. आरपार, थेट, सपकन असा त्याचा भाव. त्यात ‘बॅट’ मिसळून झुबॅट झाले. फ्रेंच भाषांतरकारांनी मुर्नाऊच्या १९२२ सालच्या ‘नोस्फेरातू’ या मूकपटाची आठवण जागी करत त्याला नोस्फेराप्ती म्हटले. म्हणजे जपानी नावात हालचाल आहे, फ्रेंच नावात रक्तपिपासू उमराव. हा फरक सांस्कृतिकही आहे. चिनी भाषेत वटवाघळाच्या नावातले एक अक्षर ‘सौभाग्य’ या शब्दाशी समोच्चारी असल्याने तिथे वटवाघूळ मंगल मानले जाते. या संकेताचा प्रभाव जपानपर्यंत पोचला. नागासाकीच्या एका जुन्या केकविक्रेत्याची निशाणी आजही वटवाघूळ आहे. हायकूच्या ऋतुकोशात ते उन्हाळ्याचे चिन्ह आहे. १९३०च्या दशकात रस्त्यावरच्या कागदी चित्रनाट्यांतून ‘ओगोन बॅट’, म्हणजे सोनेरी वटवाघूळ नावाचा नायक मुलांना भेटत होता. आपल्याकडे वटवाघळाला अपशकुनी समजतात. ती नजर घेऊन जपानी वटवाघूळ वाचले तर चूक होण्याची शक्यता आहे.

कोण आंधळे?

खेळातल्या प्राणिकोशाप्रमाणे झुबॅटला डोळे नाहीत. ते तोंडातून स्वनातीत लहरी सोडून वाट काढते. प्रत्यक्षातली वटवाघळे आंधळी नसतात. आपण ज्याला वटवाघूळ म्हणतो, ते वडा-पिंपळाला लटकणारे, फळे खाणारे मोठे वटवाघूळ तर मुख्यतः डोळ्यांवर आणि वासावर विसंबते. झुबॅटचे मूळ शोधायचे तर ते किडे खाणाऱ्या लहान पाकोळीत शोधावे लागेल. डोळ्यांविना वटवाघळे अडथळे चुकवतात, हे इटलीच्या स्पालान्झानीने अठराव्या शतकाच्या शेवटी प्रयोगांनी दाखवले. त्यामागचा मानवी कानाला न ऐकू येणारा आवाज अमेरिकेच्या डोनाल्ड ग्रिफिनने जी. डब्ल्यू. पिअर्स यांच्यासह १९३८ साली यंत्राने टिपला.

खेळात या विज्ञानाची जागा लढाईच्या नियमांत आहे. दहाव्या पातळीला पोचलेले झुबॅट ‘सुपरसॉनिक’ हा डाव शिकते. तो लागला की आपला प्राणी गोंधळतो आणि सुरुवातीच्या खेळांत निम्म्या वेळा स्वतःवरच घाव घालतो. ज्या आवाजाने झुबॅटला वाट सापडते, त्याच आवाजाने आपली वाट चुकते. पुढे रॉक टनेल या बोगद्यात उजेड करणारा डाव हाताशी नसेल तर पडदा जवळजवळ काळा होतो. खेळाडू भिंतींना धडकत चाचपडतो आणि झुबॅट त्याला बिनचूक गाठते. डोळे नसलेला प्राणी इथे घरात आहे, आंधळा आहे तो पाहुणा. ‘हे सारखे का येते?’ असे आपण कुरकुरतो तेव्हा विसरतो की गुहा त्याची आहे आणि सारखे येत असतो ते आपण.

२२०चा उंबरठा

१९९६च्या खेळात झुबॅट बाविसाव्या पातळीला गोलबॅट होते आणि तिथेच थांबते. या बदलाला खेळात ‘उत्क्रांती’ म्हणतात. खरे तर ते सुरवंटाचे फुलपाखरू व्हावे तसे एकाच जिवाचे रूपांतर आहे. खेळाचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदात किडे गोळा करत, हे लक्षात घेतले की हा गोंधळ नैसर्गिक वाटतो.

नोव्हेंबर १९९९मध्ये ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ हे पुढचे भाग आले आणि गोलबॅटला तिसरे रूप मिळाले : क्रोबॅट. चार पंख, आणि वेगाचा आकडा १३०. त्या वेळच्या २५१ प्राण्यांत याहून वेगवान फक्त एक होता. हे रूप मिळण्याची अट पातळीची नाही, स्नेहाची आहे. प्रत्येक प्राण्याचा आपल्यावरचा लोभ ० ते २५५ या आकड्यात यंत्र मोजते. तो २२०ला पोचला की गोलबॅट क्रोबॅट होते. बरोबर चालले की लोभ वाढतो, झुंजीत बेशुद्ध पडू दिले की घटतो, स्वस्त कडू औषध पाजले तरी घटतो. आकडा खेळाडूला दिसत नाही. गावातली एक बाई शब्दांत अंदाज तेवढा सांगते.

त्या भागांत स्नेहाने बदलणारे इतर प्राणी कोणते, हे पाहिले की या निवडीचे महत्त्व कळते. पिचू, क्लेफा, इग्लीबफ, टोगेपी ही बाळे. ईव्ही हे गोजिरवाणे. चान्सी ही प्रेमळ आणि दुर्मिळ. ज्यांच्यावर सहज माया जडते, अशांची ही यादी. तीत गोलबॅट हा एकच कुरूप, मुबलक, साऱ्यांनी पळवून लावलेला प्राणी आहे. ज्याच्यापासून सुटण्यासाठी फवारा घेतला, त्याच्यासोबत चालत राहा, एवढेच हा नियम सांगतो.

त्याच खेळात एक प्रतिस्पर्धी मुलगा आहे. तो प्रयोगशाळेतून प्राणी चोरतो, दुबळ्यांना तुच्छ लेखतो, प्राण्यांना हत्यार समजतो. त्याच्याकडे दुसऱ्या झुंजीपासून एक झुबॅट असते. पुढे लान्स हा निष्णात त्याला हरवतो आणि प्राण्यांविषयीच्या प्रेमाचा व विश्वासाचा तुझ्याकडे अभाव आहे, असे सुनावतो. खेळाच्या अखेरच्या भेटींत तो पुन्हा समोर येतो, तेव्हा त्याच्या ताफ्यात क्रोबॅट असते. कोणतेही पात्र त्यावर बोलत नाही. पण क्रोबॅट कसे होते हे ज्याला माहीत आहे, त्याला मधल्या काळात काय घडले ते कळते. पश्चात्तापाचे भाषण न लिहिता एका प्राण्याच्या रूपातून माणसाचा पालट दाखवणे, हे चांगल्या कथनाचे लक्षण मानावे लागेल.

आक्षेप

यावर एक रास्त आक्षेप आहे. २५५पैकी २२० हे प्रेम नव्हे, हिशेब आहे. पावले मोजून, केशकर्तनालयात नेऊन लोभ वाढवता येत असेल, तर खेळाने स्नेहाचीही किंमत ठरवली, फवाऱ्यासारखीच. शिवाय मनात तिरस्कार ठेवूनही नुसत्या चालण्याने क्रोबॅट मिळते.

आक्षेपाचा पहिला भाग मला मान्य आहे. दुसऱ्याविषयी वाटते की सोबत बरेचदा अशीच घडते. आधी भावना आणि मग सहवास असा क्रम नेहमी नसतो. खऱ्या रक्तपायी वटवाघळांचा दाखला इथे घेण्यासारखा आहे. जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की उपाशी परतलेल्या वटवाघळाला ढोलीतले दुसरे वटवाघूळ पोटातले रक्त काढून भरवते, आणि हे भरवणे नात्याप्रमाणेच पूर्वीच्या सहवासावर अवलंबून असते. तिथेही एक प्रकारचा हिशेब आहे. त्यामुळे त्या भरवण्याचे मोल कमी होत नाही.

२०१८च्या ‘लेट्स गो’ भागांत अवचित भेटी काढून टाकल्या गेल्या. प्राणी आता गुहेत उघड फिरताना दिसतात. झुबॅट दुरून ओळखता येते, बाजूने निघून जाता येते. खेळणे सुखाचे झाले, यात शंका नाही. पण टाळता येणाऱ्या झुबॅटचा वैताग येत नाही आणि ज्याचा वैताग आला नाही, त्याला आपलेसे करण्यात फारसे काही ओलांडावे लागत नाही. क्रोबॅटची अट नव्या खेळांतही स्नेहाचीच राहिली, मात्र त्या स्नेहाआधी असायचा तो तिटकारा आता नाही. मालिकेचे समीक्षक या बदलाची नोंद सुधारणा म्हणून करतात. तिच्या दुसऱ्या बाजूला हे नुकसानही मांडायला हवे, कारण मुबलक आणि नकोशा जिवाशी आपण कसे वागतो, हा प्रश्न या मालिकेने झुबॅटइतक्या चिकाटीने दुसऱ्या कोणत्याही प्राण्याकरवी विचारलेला नाही.