घड्याळाचा मनोरा आणि त्याचे दोन जिने : ख्रिस्प स्ट्रीट बाजार, लंडन

वास्तूचे परीक्षण करताना ‘ती सुंदर आहे का?’ याआधी ‘ती कोणासाठी, कशासाठी बांधली?’ असे विचारा. पूर्व लंडनमधील ख्रिस्प स्ट्रीट बाजाराचा मनोरा या दृष्टीने पाहू.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकीत पॉप्लर भागाची मोठी हानी झाली. तेथे लान्सबरी वसाहत उभी राहू लागली आणि १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये ती स्थापत्याचे जिवंत प्रदर्शन म्हणून लोकांना दाखवली गेली. बाजाराची रचना फ्रेडरिक गिबर्ड यांची : खाली दुकाने, वर घरे, मध्ये पादचाऱ्यांचा चौक आणि चौकात मनोरा.

रचना : मनोऱ्यात एकमेकांत गुंफलेले दोन जिने आहेत, एक चढण्यासाठी व दुसरा उतरण्यासाठी. अरुंद जिन्यात दोन्हीकडची माणसे समोरासमोर आली की वाट तुंबते. येथे तो प्रश्नच उरत नाही. जिन्यांच्या तिरप्या रेषा बाहेरूनही दिसतात, म्हणून वेगळ्या नक्षीची गरज पडत नाही. वापरातून रूप घडणे म्हणजे काय, हे येथे समजते.

मूल्यमापन : वेळ दाखवायला एवढे जिने लागत नाहीत, खांबावरचे घड्याळही पुरते. जिन्यांचे कारण वरचा सज्जा आहे. घरे गमावलेल्या वस्तीतल्या माणसाने वर जाऊन आपला परिसर पुन्हा कसा उभा राहतो आहे ते पाहावे, हे या मनोऱ्याचे खरे मोल, असे मला वाटते. पूर्वी उंचावरून शहर पाहण्याची सोय बहुधा राजवाड्यात किंवा देवळा-चर्चच्या शिखरावर असे. येथे ती भाजीबाजारात आली.

उणीवही तिथेच आहे. उघड्या जिन्याला रोज राखण, झाडलोट आणि देखभाल लागते. हा खर्च नकाशात दिसत नाही. पुढे हे जिने सर्वसामान्यांसाठी बंद झाले. मनोऱ्याला वारसा वास्तूचा ‘ग्रेड दोन’ दर्जा मिळाला आहे. त्याने विटा व काँक्रीट जपले जाईल. पण जिना कुलुपात राहिला, तर उरते ते नुसते घड्याळ.

विचार करा : तुमच्या शहरातील एखादी सार्वजनिक वास्तू निवडा. ती चालू ठेवायला रोज किती माणसे लागतात? ते काम कोणाचे, हे आराखड्यात कुठे लिहिले आहे?