बुलेटिन बोर्डांचें स्मरण व साधनांची चिकित्सा

मोडी रुमाल, ताम्रपट व पोथ्या यांच्या चर्चेस वाहिलेल्या या पानांत अवघ्या तीस-पस्तीस वर्षांपूर्वींच्या पत्रव्यवहाराचा विषय आणला, तर कित्येक वाचकांस तो अप्रस्तुत वाटेल. परंतु साधनाची निकड केवळ त्याच्या वयावरून ठरत नाहीं. तें किती लवकर नष्ट होणार, यावरूनहि ती ठरते. या दृष्टीनें पाहतां जुन्या हातकागदापेक्षां कालची फ्लॉपी अधिक आजारी आहे.

संगणक दूरध्वनीच्या तारेस जोडून दुसऱ्याच्या घरच्या संगणकावर जावें, तेथील निरोप वाचावे, आपला निरोप ठेवावा व पुढच्यासाठीं तार मोकळी करावी, अशी एक व्यवस्था होती. तीस बुलेटिन बोर्ड म्हणत. पहिला बोर्ड वॉर्ड क्रिस्टेन्सन व रँडी स्यूस यांनीं शिकागो येथें १६ फेब्रुवारी १९७८ रोजीं सुरू केला. १९८४ सालीं टॉम जेनिंग्ज यांनीं फिडोनेट काढून असे बोर्ड एकमेकांस जोडले. रात्रीं दूरध्वनीचा दर उतरला म्हणजे एक संगणक दुसऱ्यास हाक मारी व निरोपांची थैली त्याच्या स्वाधीन करी. ही जासुदांच्या डाकेचीच रीत होय. आपल्याकडे मुंबईचें लाइव्ह वायर व बंगळुरास अतुल चिटणीस यांनीं चालविलेलें सी. आय. एक्स. हीं नांवें त्या काळच्या मंडळींस परिचित आहेत. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें इंटरनेट जनतेस खुलें केलें, आणि पुढील कांहीं वर्षांत हे बोर्ड एकामागून एक मालवले.

या विषयावरील प्रमुख ग्रंथ म्हणावा असा ग्रंथ नसून माहितीपट आहे. जेसन स्कॉट यांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘बीबीएस: द डॉक्युमेंटरी’ या आठ भागांच्या कृतीसाठीं सुमारें २०० जणांच्या मुलाखती घेण्यांत आल्या. तिचा मोठा गुण हा कीं, कर्त्यांनीं प्रत्यक्ष साक्षीदार हयात असतांना गांठले. स्यूस २०१९ सालीं व क्रिस्टेन्सन २०२४ सालीं निवर्तले. आतां ती साक्ष पुन्हां घेतां येणार नाहीं. बखरकारानें ऐकीव लिहावें व साक्षीदारानें स्वतः सांगावें, यांत जें अंतर, तें येथें आपल्या बाजूस आहे.

तथापि साक्ष म्हणजे सिद्धांत नव्हे. फायली दाबून लहान करण्याच्या विद्येवर या कृतीचा एक भाग आहे. १९८८ सालीं तिच्या हक्कांवरून थॉम हेंडरसन यांची संस्था व फिल काट्झ यांच्यांत दावा झाला. काट्झ २००० सालीं वारले. चित्रण त्यानंतरचें आहे. एका पक्षाचा मुख्य पुरुष स्वतः बोलतो, दुसऱ्याविषयीं इतर बोलतात. कर्त्यांचा यांत दोष नाहीं. परंतु प्रेक्षकानें तराजू हातीं धरतांना हें पारडें रितें आहे, याचें भान ठेविलें पाहिजे.

दुसरा आक्षेप या कृतीपेक्षां तिच्या चाहत्यांच्या स्मरणरंजनावर आहे. तेव्हांचें संभाषण सभ्य होतें, माणसें एकमेकांस ओळखीत, थट्टेसहि मर्यादा होती, असें वारंवार सांगितलें जातें. हें खोटें नाहीं. पण त्याचें कारण त्या माणसांच्या थोरवींत शोधणें चूक आहे. बहुधा एकच तार, दर मनुष्यास ठराविक मिनिटें आणि परगांवच्या हाकेचा भारी दर, यांमुळें एका बोर्डावर बहुतेक एकाच शहराची मंडळी जमे. ज्याची रविवारीं प्रत्यक्ष गांठ पडणार, त्यास शनिवारीं रात्रीं शिवी कोण देईल? शिवाय १९९१ च्या सुमारास आपल्या देशांत दर शंभर माणसांमागें एकहि दूरध्वनि नव्हता. जेथें दारच इतकें अरुंद, तेथें आंतील शांततेचें श्रेय दाराला किती व माणसांना किती, हें वेगळें काढावें लागतें. स्मरणरंजन तें काढीत नाहीं.

तिसरी उणीव आम्हां मराठी वाचकांस विशेष जाणवते. ही कथा मुख्यतः अमेरिकेची, म्हणून रोमन लिपीची आहे. पुण्याच्या सी-डॅककडून देवनागरीसाठीं जिस्ट कार्ड मिळे, व इस्की संकेतास १९९१ सालीं मानकाची मान्यताहि मिळाली. पण दोन्ही टोकांस तशीच सामग्री असल्यावांचून तिचा उपयोग नव्हता. सबब मराठी माणूस मराठी निरोप रोमन अक्षरांत लिही. याचा परिणाम काय झाला, हें मला गतवर्षीं कळलें.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें कामशेतच्या घराचा माळा झाडतांना सांपडलेली फ्लॉप्यांची पेटी मजकडे आणली. मावळांतील पावसाळे तिनें सोसले होते. निम्म्याहून अधिक तबकड्यांवर बुरशी धरली होती व त्या वाचल्या गेल्या नाहींत. त्यांबरोबर टिकलीं तीं छापयंत्राचीं कांहीं पानें. तीं पाहतांच मला पोथीची पुष्पिका आठवली. प्रत्येक निरोपाखालीं तो कोठून निघाला याची ओळ. त्याखालीं तो कोणकोणत्या ठाण्यांनीं पाहिला व कोणत्या वाटेनें आला, यांचे अंक. प्रतींचा वंशवृक्ष काढण्यासाठीं डॉ. सुखठणकरांनीं महाभारताच्या पोथ्यांचीं पाठांतरें पडताळून जें अनुमान केलें, त्याचें बरेंच साहित्य येथें यंत्रानेंच लिहून ठेविलें आहे. उलट, वर्षाचे दोनच अंक असून शतक दिलेलें नाहीं. केवळ चंद्र देऊन सन गाळणाऱ्या पेशवाई पत्रांची हीच गत आहे.

आणि पाठाचा प्रश्न तर तोच. एका निरोपांत ‘व्ही-ई-एल गेली’ असें आहे. लिहिणाऱ्याची वेळ गेली, कीं परसांतील वेल गेली? दोन्ही पाठ व्याकरणास धरून आहेत. निर्णय मागील निरोपावरून झाला असता. तो बुरशी आलेल्या तबकडींत आहे. तो निरोप लिहिणारा माझा विद्यार्थी नव्हे, त्याचा थोरला भाऊ; तो आतां नाहीं. घरच्यांनीं मला अर्थ विचारला, व मला सांगतां आला नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंती. अशा तबकड्या हातीं आल्यास प्रथम त्यांवर लिहिण्याची सोय बंद करावी. बुरशी असल्यास साफ केल्यावांचून यंत्रांत घालूं नये. एकेक फाइल न उचलतां सबंध तबकडीची जशीच्या तशी प्रत घ्यावी. कोणाच्या घरून, कोणत्या पेटींतून आली याची नोंद करावी. आणि रोमन मराठी देवनागरींत उतरतांना मूळ अक्षरें शेजारीं ठेवावींत. राजवाड्यांच्या परंपरेंत वाढलेल्यांस हा नियम नवा नाहीं: आधीं अस्सल, मग अर्थ.

कामशेतपासून थोड्या अंतरावर कार्ल्याचें चैत्यगृह आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीनें तें जंबुद्वीपांत उत्तम असल्याचें कोरविलें. धेनुकाकटाच्या यवनांनीं खांबांवर नुसतें आपलें नांव, गांव व दान नोंदविलें. भूतपालाची प्रौढी खरी कीं खोटी, यावर आज वाद घालतां येईल. त्या खांबांवरील साध्या नोंदींनींच मात्र पुष्कळ इतिहास हातीं दिला. बोर्डांच्या चाहत्यांनीं आतांपर्यंत भूतपालाचें काम उत्तम केलें आहे. खांबांचें काम व्हावयाचें आहे, आणि तें दगडांत नसल्यानें त्यास अवधि थोडा आहे.