‘माजी’ कोण, तलाव की मालगुजारी?

गोंदियाच्या ‘मामा तलावां’चं पूर्ण नाव माजी मालगुजारी तलाव. संशोधनाच्या आराखड्यात त्याचं ‘माजी तलाव’ झालं, की अर्थच उलटतो. माजी आहे ती मालगुजारी. ती १९५१ मध्ये गेली. तलावांचं पाणी आजही धानाला जातं.

पाणथळ जागांवरचे स्पॅनिश निबंध वाचताना ‘आन्तिग्वो’ हे विशेषण असंच फसवतं. शब्दयाद्यांमध्ये त्याचा अर्थ नुसता ‘जुना’ असतो. माझा आक्षेप तिथेच आहे, कारण त्यात विशेषणाची जागा सांगितलेली नसते. तलाव म्हणजे ‘एस्तान्के’. ‘एस्तान्के आन्तिग्वो’ म्हणजे फार वर्षांचा तलाव. ‘आन्तिग्वो एस्तान्के’ म्हणजे बहुतेक वेळा पूर्वी होता, आता नाही असा तलाव. बहुतेक वेळा म्हणतोय, कारण आधी येऊनही कधीकधी ‘जुना’ हाच अर्थ निघतो. मग मागची-पुढची वाक्यं बघायची.

हा नुसता व्याकरणाचा कीस नाही. सारस तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत वावरतो. जिवंत तलाव ‘माजी’ म्हणून यादीतून गळला, तर तिथे सारस मोजायला कोण जाणार? म्हणून वहीत नुसता अर्थ उतरवू नका. विशेषण नामाच्या आधी की नंतर, तेही लिहा.