हिवाळी साहसक्रीडेचे सूत्रचालन आणि मराठीतील चतुर्थी

भूमिकाक्रीडेला वाङ्मय म्हणावे किंवा नाही, हा वाद प्रस्तुत लेखात उपस्थित करावयाचा नाही. ती केवळ भाषेच्या बळावर उभी राहते, एवढे मान्य झाले म्हणजे आपले काम भागते. चार-पाच जण एका मेजाभोवती बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होतो व बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार परिस्थिती सांगतो, पात्रधारी आपले पात्र काय करते ते सांगतो, आणि यशापयशाविषयी शंका असेल तेथे फासा टाकला जातो. रंगभूमी नाही, वेष नाही, पाठ केलेली संहिता नाही; जे आहे ते सगळे बोललेले आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या नावाने ह्या खेळास प्रथम छापील रूप दिले. आपल्याकडील मुले भातुकलीत 'खोटं-खोटं' म्हणून जे करतात, त्यालाच येथे नियम आणि गणित जोडलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या खेळासाठी तयार साहसांचे ग्रंथ प्रसिद्ध होतात. 'आइसविंड डेल : राइम ऑफ द फ्रॉस्टमेडन' हा त्यांपैकी एक, सप्टेंबर २०२० मध्ये निघालेला. गेल्या हिवाळ्यात परभणी येथे पाच पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमवेत मी त्याचे सूत्रचालन केले. ग्रंथ इंग्रजी, बोलणे मराठी, आणि एका विद्यार्थ्याच्या तोंडी घरची दखनी. त्या बैठकींत जे भाषिक प्रश्न उभे राहिले, त्यांच्या आधारे ह्या ग्रंथाची परीक्षा करावी, असा विचार आहे.

कथावस्तू थोडक्यात अशी. उत्तरेकडील एका ओसाड प्रदेशात दहा लहान वसाहती आहेत. ऑरिल नावाची हिमदेवता प्रत्येक रात्री एका प्रचंड पांढऱ्या पक्ष्यावर बसून आकाशात हिंडते व मंत्रसामर्थ्याने सूर्यास क्षितिजावर येऊ देत नाही. दोन वर्षांहून अधिक काळ तेथे दिवस म्हणजे नुसता संधिप्रकाश. देवीचा कोप शमावा म्हणून अमावास्येस गावकरी बळी देतात. मोठ्या गावांत चिठ्ठ्या काढून माणसाचा, इतरत्र अन्नाचा किंवा उबेचा. उबेचा बळी म्हणजे त्या रात्री गावात कोणी विस्तव पेटवावयाचा नाही. ही शेवटची कल्पना मला ग्रंथातील सर्वांत समर्थ वाटते. शेकोटीभोवती बसून ज्यांचे पौष-माघ गेले, त्यांना तिचे क्रौर्य समजावून सांगावे लागत नाही.

ग्रंथाची मांडणी आपल्याकडील महानुभावांच्या 'स्थानपोथी'ची आठवण करून देणारी आहे. गावे, वाटा, देवळे, कोण कोठे राहतो, कोणत्या दिशेस काय आहे, अशी स्थळवार नोंद. फरक इतकाच की स्थानपोथीतील स्थळी लीळा घडून गेलेली असते व भक्ताने तिचे स्मरण करावयाचे असते. येथे लीळा अजून घडावयाची आहे, आणि दहांपैकी कोणत्या गावी आधी जावे हे पात्रधाऱ्यांनी ठरवावयाचे आहे. म्हणून ह्या ग्रंथास कादंबरीचे निकष लावणे अन्यायाचे होईल. त्याला विचारावयाचा प्रश्न हा की, सूत्रधाराच्या हाती तो काय देतो?

थंडीच्या बाबतीत तो फार थोडे देतो. खेळाचा मूळ नियम असा : तापमान उणे अठरा अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेले की उघड्यावरील पात्राने दर तासाच्या अखेरीस वीस पृष्ठांचा फासा टाकून आपल्या शरीरबळाची कसोटी द्यावयाची, ती हुकली तर शीणाची एक पायरी चढते. पण जाड कोट, हातमोजे वगैरे उबदार कपडे अंगावर असले की ही कसोटी आपोआप उत्तीर्ण. म्हणजे लोकर अंगावर चढताच नियमांतून थंडी नाहीशी होते. मग उरते ती फक्त सूत्रधाराच्या तोंडची थंडी. ज्या साहसाचा सारा प्राण हिवाळ्यात आहे, त्याने तो प्राण नियमांत न ठेवता वाणीवर सोपवावा, हे दुबळेपण की औदार्य, ह्याचा निर्णय भाषेवर अवलंबून आहे.

मराठी सूत्रधाराची पहिली अडचण शब्दांची. संस्कृत 'हिम' मराठीत झिजून 'हीव' झाले. त्यापासून 'हिवाळा' आला, 'हिवताप' आला. झिजताना त्यातील बर्फ वितळून गेला व नुसता गारठा राहिला. खऱ्या हिमासाठी मग दोनच शब्द उरतात : पुस्तकी 'हिम' आणि फारसीतून आलेला 'बर्फ'. पैकी 'बर्फ' हा परभणीच्या कानाला उन्हाळ्याचा शब्द आहे. तो रसवंतीत असतो, गोळ्याच्या गाडीवर असतो, लाकडाच्या भुशात गुंडाळून येतो. पहिल्या बैठकीत मी मोठ्या गांभीर्याने 'बर्फ पडत होता' असे म्हणालो तेव्हा एकीला हसू आले, आणि तिचे चुकले असे मला म्हणता येईना. आकाशातून पडणारे व जमीन पांढरी करणारे मराठवाड्याला ठाऊक आहे ते म्हणजे गारपीट. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये उभा गहू आणि ज्वारी झोपविणारी गारपीट ह्या विद्यार्थ्यांनी लहानपणी पाहिलेली आहे. पांढऱ्या भुईचे त्यांचे चित्र नयनरम्य नाही, नुकसानीचे आहे. पुढे मी 'बर्फ' टाकून 'गारा थरावर थर साचाव्या तशी जमीन' म्हणू लागलो, तेव्हा मेजाभोवतीचे हसणे थांबले.

हिमाचे शब्द थोडे असले तरी थंडीचे उदंड आहेत : गारवा, गारठा, कडाका, काकडणे, कुडकुडणे, शिरशिरी, हुडहुडी, दातखीळ. इथल्या कृषी विद्यापीठाच्या नोंदींत पारा कित्येकदा पाच अंशांच्या खाली उतरलेला आहे. उणे अठरापुढे ते काहीच नव्हे, पण रात्रीच्या वीजपुरवठ्याच्या पाळीत दोन वाजता गव्हाला पाणी देण्यासाठी वाफ्यात अनवाणी उभा राहणारा माणूस थर्मामीटर पाहत नाही. आमच्यापैकी एकाने ते काम प्रत्यक्ष केलेले होते. आपल्या पात्राची बोटे कशी आखडली ते त्याने सांगितले तेव्हा ग्रंथातील कोणत्याही वर्णनपर उताऱ्याची गरज उरली नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ग्रंथातील मोठ्याने वाचावयाचे चौकटीतील उतारे इंग्रजीच्या रिवाजाप्रमाणे द्वितीय पुरुषी वर्तमानात आहेत. इंग्रजीत पाहणारा, ऐकणारा, गारठणारा हा सर्वत्र वाक्याचा कर्ताच असतो. त्यामुळे सूत्रधाराने पात्राच्या वतीने बोलावे की नाही, हा ह्या खेळातील जुना तंटा तेथे वाक्यावाक्याला उद्भवतो. मराठीत तसे नाही. 'तुम्हाला दिवा दिसतो', 'तुम्हाला आवाज ऐकू येतो', 'तुम्हाला थंडी वाजते'. क्रियापद दिव्याशी, आवाजाशी, थंडीशी जुळते. माणूस चतुर्थीत, कडेला, घेणारा म्हणून उभा. ह्या चतुर्थ्यंत पदास कर्ता मानावे की संप्रदान, हा व्याकरणातील वाद येथे बाजूस ठेवू. ही रचना एकट्या मराठीची नव्हे. कॉलिन मासिका ह्यांनी १९७६ मध्ये भारतीय भाषाक्षेत्राच्या सामाईक लक्षणांत तिचा विचार केलेला आहे. दखनीत 'मेरेकू थंडी लगरी', शेजारच्या तेलुगूत 'नाकु चलि वेस्तुंदि'. आमचा दखनी बोलणारा विद्यार्थी मराठीतून दखनीत सरकला तरी वाक्याचा सांगाडा बदलत नव्हता.

ह्याचा खेळातील लाभ मोठा आहे. जे पात्राला होते ते चतुर्थीत. ते सांगण्याचा अधिकार सूत्रधाराचा. जे पात्र करते ते प्रथमेत किंवा तृतीयेत, 'मी दार उघडतो', 'मी दार उघडले'. तो अधिकार पात्रधाऱ्याचा. इंग्रजीत संकेताने आखावी लागणारी सीमारेषा मराठीच्या विभक्तीनेच आखून दिली आहे. सूत्रधार 'तुम्ही' ह्या पदाने वाक्य सुरू करू लागला की तो बहुधा दुसऱ्याच्या शेतात शिरलेला असतो. ही साधी खूण मी तिसऱ्या बैठकीपासून पाळू लागलो आणि तक्रारी जवळजवळ संपल्या.

शीणाच्या पायऱ्यांनाही व्याकरणाने असेच साहाय्य केले. २०१४ च्या नियमावलीत त्या सहा आहेत : दुसरीला चाल निम्मी होते, पाचवीला शून्य, सहावीला मृत्यू. इंग्रजी ग्रंथात ही निव्वळ कोष्टकाची भाषा आहे. मराठीत त्यासाठी शक्य क्रियापदे सिद्ध आहेत : 'तुझ्याच्याने चालवत नाही', 'आता उठवेना', 'हात उचलवेना', 'बोलवेना'. इच्छा शाबूत आहे, कर्तृत्व हातून गळाले आहे. फासा आणि देह ह्यांच्यातील नाते एवढ्या थोडक्यात सांगणारी दुसरी रचना मला माहीत नाही. हिमालयाच्या वाटेवर एकेक जण कोसळण्याचे आपले जुने चित्र म्हणजे पांडवांचे महाप्रस्थान. तेथे द्रौपदीपासून भीमापर्यंत प्रत्येकाच्या पतनाला युधिष्ठिर एक दोष सांगतो. थंडीला जणू न्यायबुद्धी असते. ह्या खेळातील थंडीला ती नाही. पराक्रमी पात्र वाईट फाशाने पडते आणि भेकड पात्र पुढे चालते. विद्यार्थ्यांना आरंभी हे पटले नाही. आपल्या पात्राने काय पाप केले, असे एकाने विचारलेही.

ग्रंथाचे मूळ संकट मराठीत सांगताना जे घडले ते मात्र ग्रंथकारांच्या कल्पनेतही नसावे. 'सूर्य उगवत नाही' असे मी भाषांतर करून ठेवले होते. बैठकीत तोंडून सहज निघाले ते 'उजाडेना'. 'उजाडणे', 'सांजावणे' ही भावकर्तृक क्रियापदे. त्यांना स्वतंत्र कर्ता नाही. उजाडते, ते कोणी उजाडत नाही. गावकऱ्यांच्या तोंडी हा शब्द घातला आणि कथेतील परिस्थिती एकदम स्पष्ट झाली : लोक कर्त्यावाचून बोलत आहेत, दैव म्हणून सोसत आहेत, चिठ्ठ्या काढीत आहेत, आणि पात्रांना शोध घ्यावयाचा आहे तो ह्या अकर्तृक क्रियापदाच्या कर्त्याचा. उजाडत नाही असे नव्हे, कोणी तरी उजाडू देत नाही. चौथ्या बैठकीत एका विद्यार्थिनीने गावाच्या मुखियाला नेमके हेच ऐकविले.

आरंभीच्या एका उपकथेतही चतुर्थी उपयोगी पडली. सेफेक काल्ट्रो नावाचा एक खुनी गावोगाव हिंडतो व लाच देऊन चिठ्ठीतून आपले नाव काढून घेणाऱ्यांना ठार करतो. त्याच्याविषयीची खूण अशी की ह्या कडाक्यात तो कोट, हातमोजे वापरीत नाही. मी त्याचे वर्णन करताना सर्वांच्या थंडीचा उल्लेख केला आणि त्याचा केला नाही. 'आणि त्याला?' एकीने विचारले. त्या दोन शब्दांत संशयित सापडला.

येथवरचे विवेचन वाचून चतुर्थी म्हणजे सूत्रधाराचे अभयक्षेत्र, असा समज होईल. माझाही झाला होता. सहाव्या बैठकीत अमावास्येचा प्रसंग आला. चौकात चिठ्ठी निघाली, एका कोळ्याच्या तरुण मुलीचे नाव वाचले गेले, आणि मी म्हणालो, 'तुम्हाला तिची दया येते.' व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष. दया ही थंडीसारखीच 'येणारी'. वाफ्यात पाणी दिलेल्या त्या विद्यार्थ्याने हातातला फासा खाली ठेवला. 'मला येत नाही,' तो म्हणाला. 'मागच्या अमावास्येला माझ्या बहिणीची निघाली होती. तेव्हा ह्या कोळ्याने दार लावून घेतलं होतं.' हे त्याच्या पात्राविषयी होते. ग्रंथात ते नव्हते, माझ्या टिपणांत नव्हते. बराच वेळ कोणी बोलले नाही. मी वाक्य मागे घेतले.

म्हणजे विभक्ती शरीर आणि मन ह्यांत भेद करीत नाही. तो सूत्रधाराने करावयाचा आहे. 'थंडी वाजते' हे त्याचे, 'दया येते', 'भीती वाटते' हे पात्रधाऱ्याचे, आणि भाषा दोन्ही एकाच साच्यात ओतून देत असल्यामुळे सीमा ओलांडल्याचे सूत्रधाराच्या ध्यानीही येत नाही. इंग्रजी सूत्रधाराला कर्तरी वाक्य निदान सावध करते. मराठी सूत्रधाराचा अतिक्रम सौजन्याच्या वेषात होतो. मी वर जो लाभ म्हणून मांडला, त्याची ही दुसरी बाजू वजा करूनच तो स्वीकारावा लागेल. त्या प्रसंगानंतर आम्ही मुलीला वाचविले की नाही, हे येथे अप्रस्तुत आहे. ते पाच जणांत चार विरुद्ध एक असे ठरले, आणि तो एक रात्रभर गावाच्या वेशीवर थांबला, एवढे नोंदवितो.

शीर्षकाविषयी थोडे. इंग्रजी 'राइम' ह्या एकाच शब्दात गोठलेल्या दवाचा थर आणि पद्यरचना असे दोन्ही अर्थ आहेत, आणि ग्रंथात त्या नावाचे एक पद्य खरोखरच येते. ते म्हटले असता हिमनदी दुभंगते व वाट मिळते. 'दहिवर' घ्यावे तर पद्य जाते, 'ओवी' घ्यावी तर दव जाते. आम्ही तो मंत्र इंग्रजीतच म्हटला. अर्थ पूर्ण न कळता म्हटलेल्या मंत्राने वाट उघडावी, ह्यात कोणाला वावगे वाटले नाही.

त्यानंतरचा भाग, बर्फाखाली गाडलेल्या जादूगारांच्या लुप्त नगरीचा, मला शिथिल वाटतो. हिवाळ्याची कथा तेथे अवशेषांची व मंत्रतंत्रांची कथा होते. अमावास्या, चिठ्ठ्या, विझलेल्या चुली सगळे मागे पडते, आणि गावकऱ्यांचे पुढे काय झाले ह्याची ग्रंथाला फारशी ओढ राहत नाही. आमच्या बैठकी हिमनदीच्या काठीच थांबल्या. परीक्षेचे वेळापत्रक लागले होते, आणि तोवर बाहेर फाल्गुनाचे ऊन पडू लागले होते.