पंचवीस अंशांचा नियंत्रक, सोनपेठचे ऊन

सौर बंबात टाकी संग्राहकाच्या वर असली, की तापलेले पाणी हलके होऊन आपसूक टाकीत चढते. पंप नको, नियंत्रकही नको. बॅटरीवरच्या सौरदिव्याला मात्र नियंत्रकावाचून भागत नाही, आणि काटकसर नेमकी तेथेच होते. स्वस्त नियंत्रकांवर आमचा आक्षेप एकच : त्यांना तापमान कळत नाही.

१२ व्होल्टच्या, पाणी घालाव्या लागणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीत ६ घट असतात. २५ अंश सेल्सियसला तिचे भारण साधारण १४.४ व्होल्टला थांबवतात. तापमान १ अंशाने वाढले, की ही मर्यादा दर घटामागे सुमारे ४ मिलिव्होल्टने, म्हणजे एकूण २४ मिलिव्होल्टने खाली आणावी लागते. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठला मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीतली बॅटरीही जवळजवळ तितकीच तापते. १७ अंशांचा फरक म्हणजे ०.४ व्होल्ट. मर्यादा १४.० हवी, नियंत्रक १४.४ वरच अडून बसतो. बॅटरीतल्या पाण्याचे विघटन होते, पट्ट्या उघड्या पडतात आणि ‘बॅटरीच खराब निघाली’ असे म्हटले जाते. (त्यात कोणी बोअरचे पाणी ओतले, तर विचारायलाच नको.)

उपाय महाग नाही. ठरावीक प्रवाह वाहणाऱ्या सिलिकॉन डायोडवरचा दाब दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. तुलनाकाराला बॅटरीचा निम्मा दाब दिला, तर संदर्भदाबात असे ६ डायोड जोडून ते बॅटरीला चिकटवले की पुरते. बारावीच्या विद्यार्थ्यांना हे जमेल. खोली मात्र हवेशीर हवी, हायड्रोजन पेट घेतो. दुकानातली डबी पुष्कळदा राळ ओतून बंद केलेली असते. तिच्यात डायोड जोडायलाही जागा नसते.