मायामोहाची कथा व ईश्वरी वंचना

ईश्वर फसवितो काय, या प्रश्नास विष्णुपुराणाचा तृतीयांश निःसंदिग्ध होकार देतो. यज्ञभाग हरण करणारे असुर वेदमार्गी व तपस्वी असल्यामुळे देवांस अवध्य झाले. म्हणून विष्णूने स्वशरीरापासून मायामोह उत्पन्न केला, व त्याने नर्मदातीरी त्यांस वेदभ्रष्ट केले. मग देवांनी त्यांचा संहार केला. ‘दुष्टांसच फसविले’ हे समाधान आम्हांस ग्राह्य वाटत नाही. स्वधर्म हेच त्यांचे कवच असल्याचे पुराणच सांगते, व वंचनेने तेच हिरावले. भागवताच्या प्रथमस्कंधात बुद्धावताराचा हेतूही असुरसंमोहन हाच. तेथे ‘अजनसुत’ व ‘जिनसुत’ असे पाठभेद आहेत. मोहाचा आरोप कोणत्या पंथावर होता, हे ठरविण्यास ते उपयोगी पडतील. संग्राहकांनी आपल्या पोथ्यांतील पाठ न सुधारता जसाच्या तसा कळवावा.